डाव्या खुर्चीसाठी

खोका सापडला तो इस्त्रीमुळे. नाहीतर सापडलाच नसता.

रविवारी सकाळी वहिनीनं दादांचा काळा कोट इस्त्रीला काढला. संध्याकाळी पाचला लेकीचा पहिला कार्यक्रम, आणि बाप काय चुरगळलेल्या कोटात पहिल्या रांगेत बसणार? कपाटाच्या तळाशी, दादांच्या जुन्या बुटांमागे, तिच्या हाताला कागद लागला. राखाडी कागद, राखाडी फीत. तिनं हात झटकन मागे घेतला, मग स्वतःलाच दोन शब्द सुनावले आणि खोका ओढून बाहेर काढला. लांबट होता, हलका होता, आणि त्याचा तळ ओला होता.

या घरात भेटवस्तू लपवायची पद्धत नव्हती. थोरल्यांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, घालून दिलेला कायदाच होता तसा. कार्यक्रमानंतर श्रोत्यांनी जे काही दिलं असेल, पेन म्हणा, मफलर म्हणा, कुणाच्या पोरीनं काढलेलं चित्र म्हणा, ते दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर उघडायचं. आणि उघडायचं कुणी? जो वाकेल त्यानं. टाळ्या सुरू झाल्यावर स्टेजच्या पुढे येऊन जो वाकतो, भेट त्याची. थोरले पियानो वाजवायचे, थोरले वाकायचे. मग दादा वाजवू लागले, दादा वाकू लागले. पियानोच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसून स्वरलिपीच्या वहीची पानं उलटणारी मात्र टाळ्या सुरू झाल्या की विंगेत जायची. ती कशाला वाकेल? तिला कुणी बघायलाच आलेलं नसतं.

दादांचा निरोपाचा कार्यक्रम होऊन आठवडा झाला होता. त्या दिवशीच्या सगळ्या भेटी सोमवारीच उघडून झाल्या होत्या. मग हा खोका इथे काय करतोय?

वहिनी बावीस वर्षांची असताना या घरात आली होती, भोळी नव्हतीच कधी. तिच्या डोक्यात जे यायचं ते आलं. ती खोका घेऊन थेट जेवणघरात गेली आणि तिनं तो टेबलावर आदळला.

“अहो! बाहेर या आधी.”

टेबलाशी आत्या बसली होती. दादांची धाकटी बहीण, वय बावन्न, चौतीस वर्षं डाव्या खुर्चीत काढलेली. संध्याकाळसाठी भाचीच्या वहीचे कोपरे दुमडत होती. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा किंचित वर मुडपायचा, म्हणजे ऐन वेळी बोट घसरत नाही. खोका बघून तिचं बोट तिथेच थांबलं.

“पुन्हा आला?” ती म्हणाली.

“आला कसला! लपवलाय. तुझ्या भावानं. बुटांमागे.”

दादा गालाला साबण लावलेलेच बाहेर आले. टेबलाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा साबणाएवढाच पांढरा झाला.

“कोण आहे ही?” वहिनीनं विचारलं. “साठी आली, आता तरी सांगा. एवढी वर्षं राखाडी कागदात कोण काय पाठवतंय? आणि या वेळी एवढं काय आहे त्यात की बुटांमागे ठेवावं लागलं?”

“अगं, तसं काही नाही.”

“मग कसं आहे?”

समोरच्या खोलीत कानकाका पियानो जुळवत होते. ऐंशीच्या घरातले, उजव्या कानानं ठार बहिरे, पण डाव्या कानानं भिंतीतली पाल ऐकतील असे. एकच पट्टी पुन्हा पुन्हा वाजत होती, टण्, टण्, टण्. ती आता थांबली. काकांनी डावा कान दाराकडे केला असणार.

खोक्याला बांधलेलं कार्ड आत्यानं उलटं केलं. नेहमी कार्ड नसायचंच, निदान कुणी बघितलं नव्हतं. या वेळी ते फितीत वरच अडकवलेलं होतं. तिनं वाचलं, आणि बराच वेळ वाचतच राहिली. तीन तर शब्द होते. नव्हे, दोनच.

“काय लिहिलंय?” वहिनी.

“डाव्या खुर्चीसाठी.”

*

चिंगी अंघोळ करून आली तेव्हा तिघंही टेबलाभोवतीच होते. चिंगी म्हणजे दादांची एकुलती एक. तेवीस वर्षांची झाली तरी घरात चिंगीच. रात्रभर तिला झोप नव्हती, आणि घरातल्यांनी आज तरी तिच्याकडे बघावं एवढीच तिची माफक अपेक्षा होती. सगळे खोक्याकडे बघत होते.

तिनं कार्ड हातात घेतलं. जाड, राखाडी, कडा हातानं कापलेल्या.

“हे तर माझ्या ओळखीचं आहे,” ती म्हणाली. “बाबा, तुमच्या तालयंत्राच्या डबीत अशी होती ना? लहानपणी मी त्यांचं दुकान-दुकान खेळायचे.”

“चिंगे, जा, सराव कर,” दादा म्हणाले. इतक्या घाईनं म्हणाले की ती सरावाला न जाता पियानोच्या बाकाकडेच गेली. बाकाचं झाकण उचललं, खाली वह्या, वह्यांखाली तालयंत्राची लाकडी डबी. डबीत तालयंत्र नव्हतंच. कार्डं होती. तिनं ती आणून टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. आठ. आठांवर तेच अक्षर, तेच दोन शब्द.

“अहो,” वहिनी हळूच म्हणाली. ती हळू बोलली की घरातले घाबरायचे.

दादा खुर्चीत बसले. गालावरचा साबण सुकून तडकला होता.

“जो वाकेल त्यानंच उघडायचं,” ते म्हणाले. “मीच उघडायचो. कार्ड आत अगदी वरच असायचं. तळहाताखाली घ्यायचो.”

“का?” आत्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. तिला आवाज चढवायची सवयच नव्हती, खुर्चीसुद्धा वाजू द्यायची नाही अशी चौतीस वर्षं गेलेली.

“पहिल्यांदा वाटलं चूक असेल. खरंच गं. पानं उलटणारीला कोण काय देणार?”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. पण सुटलेला शब्द कुठे परत येतो!

आत्या उठली. जिन्याखालच्या कपाटाची किल्ली खिळ्यावरच असायची. त्या कपाटाला घरात ‘कुणाचंच नाही’ म्हणायचे. कुणालाच न बसणाऱ्या भेटींची ती जागा. राखाडी खोके सगळे तिथेच गेले होते, कारण त्यातलं काहीही दादांना कधी बसलं नाही. यावर घरात केवढे विनोद व्हायचे. बाईला वाटतं तू बुटका आहेस! बाईनं तुला लांबून बघितलंय! ती बाई आहे हेसुद्धा घरातल्यांनीच ठरवलेलं. हॉलमध्ये तिला, किंवा त्याला, कुणीही बघितलं नव्हतं. टाळ्या संपून दिवे लागले की स्टेजच्या कडेला खोका असायचा, बस्स.

आत्यानं एक खोका काढला. हातमोजे निघाले. लोकरीचे, बोटांची टोकं उघडी. तिनं ते घातले. बोटं वाकवली, सरळ केली.

“पहिला हिवाळा,” ती म्हणाली. “हॉलची शेगडी बंद पडलेली. माझी बोटं फुटली होती दादा, तुझ्या वहीला रक्त लागलं म्हणून तू चिडला होतास.”

हातमोजे तिला असे बसले होते की त्यांच्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या खोक्यात कमरेचा पट्टा. हा निघाला तेव्हा सगळे पोट धरून हसले होते, कारण दादांच्या पोटाला तो अर्धाही पुरेना. आत्याच्या कमरेला तो बरोब्बर पुरला. हूक बसल्याचा आवाज झाला आणि वहिनीनं डोळे मिटून घेतले. त्या वर्षी आत्या सहा महिने वाकडी चालत होती. बिनपाठीची खुर्ची, दोन-दोन तास ताठ बसायचं. वहिनी तिला म्हणाली होती, कामाच्या वेळेलाच बरी दुखते गं तुझी कंबर.

आत्यानं तिसरा खोका उघडला. चष्मा.

“घालू नकोस,” दादा म्हणाले.

तिनं घातला. हातातल्या वहीकडे बघितलं, मग काढून ठेवला. “आता नंबर वाढलाय. पण तेव्हा हाच होता. हाच नंबर लागला मला, त्या कार्यक्रमानंतर.”

तो कार्यक्रम घरात सगळ्यांना पाठ होता. अठरा वर्षांपूर्वी, भरलेल्या हॉलमध्ये आत्यानं एकाऐवजी दोन पानं उलटली होती. दादा थांबले. पाचशे माणसांसमोर थांबले, आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं, सगळ्यांना दिसेल असं. त्यानंतर चार वर्षं आत्या माणसांत मिसळली नव्हती.

“हा चष्मा आधी आला होता की नंतर?” चिंगीनं विचारलं. ती बापाकडे वळली. “बाबा? आधी की नंतर?”

“तीन महिने आधी,” दादा म्हणाले.

“म्हणजे तो इथे कपाटात होता. आणि तिला दिसत नव्हतं.”

“मला काय ठाऊक तिला दिसत नव्हतं!”

“पण ज्यानं पाठवला त्याला ठाऊक होतं,” दारातून कानकाका म्हणाले. सूर पिळायची किल्ली हातात तशीच. “आधी. ते ‘आधी’ कुणी बोलत नाहीये तुमच्यात. हातमोजे थंडीच्या आधी. पट्टा दुखण्याच्या आधी.”

वहिनीनं आत्याकडे बघितलं. “तूच तर नाही ना पाठवत? रागावू नकोस. पण तुझं माप दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?”

“बूट दाखव तिला,” काका म्हणाले.

बूट सगळ्यात खाली होते. तान्ह्या बाळाचे, मऊ कातड्याचे, करंगळीएवढे. त्रेपन्न वर्षांचा तो कागद, पण कालच्यासारखा कोरा. थोरल्यांच्या कार्यक्रमात आलेली ही पहिली भेट. थोरल्यांनी ते अंगठ्यात अडकवून सगळ्यांना दाखवलं होतं, हसून हसून त्यांना ठसका लागला होता.

“मी होतो तिथे,” काका म्हणाले. “डाव्या खुर्चीत तेव्हा तुमची आई बसायची. तिला दिवस गेलेत हे तिचं तिलासुद्धा पुढच्या महिन्यात कळलं. ही”, त्यांनी किल्लीनं आत्याकडे दाखवलं, “हिवाळ्यात झाली. आणि चालायला लागली ती भावाच्या जुन्या बुटांत कापूस कोंबून. आता सांगा वहिनी, हिनं पाठवले?”

वहिनी उठली. तिनं खुर्ची सरकवली आणि नणंदेच्या शेजारी जाऊन बसली. या घरात कोण कुठल्या बाजूला बसतं याला फार अर्थ असतो, आणि दादांना तो कळला. टेबलाच्या त्यांच्या बाजूला आता ते एकटेच होते.

*

“मला भीती वाटायची,” दादा म्हणाले. तोंडातून ते एकदम बाहेर पडलं. “तुम्हाला वाटतं मला हाव होती. हातमोज्यांची हाव? अरे, मला एक ओळ पाठ राहत नाही! ही पानं उलटते म्हणून मी वाजवतो. श्वास कुठे घ्यायचा ते मला हिच्या श्वासावरून कळतं. हिला एकदा कळलं असतं की कुणीतरी हिच्यासाठी येतंय, हिच्याकडे बघतंय, तर ही उठून गेली असती. मग मी काय करणार होतो?”

“मी गेले नसते,” आत्या म्हणाली.

“तेच तर. नसतीस गेलीस. हे मला आता कळतंय.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याला भावाची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. तिच्या मनात कितीतरी होतं. मागच्या खोलीतला जुना पियानो, त्याच्या तारांवर ती टाकायची ती घोंगडी, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. भावाचा प्रत्येक कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्या घोंगडीखाली पुन्हा वाजवला होता, वहीशिवाय. चिंगीला बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं होतं तिनंच. नाव झालं बापाचं. होऊ दे, असं ती स्वतःला सांगत आली होती. पण आज कमरेला तो पट्टा होता, आणि पाठ इतकी सरळ झाली होती की होऊ दे म्हणवेना.

तिनं नवा खोका स्वतःकडे ओढला.

“नको उघडूस,” दादा म्हणाले. “माझं ऐक. तुला काहीतरी होणार असेल म्हणूनच आलाय तो. मी उगाच नाही लपवला.”

“माझा आहे ना?”

“आहे, पण...”

“मग झालं तर.”

फितीची गाठ दरवेळी कात्रीनं कापावी लागायची, सोडवून सुटायची नाही. आत्यानं नुसता नखानं धक्का दिला आणि ती सुटली. झाकण उचललं.

फुलं होती. पांढरी, लांब देठांची, हातभर. आठवडाभर अंधाऱ्या कपाटात पडलेली फुलं, आणि पाकळ्यांवर थेंब होते. देठांची टोकं नुकतीच कापलेली, हिरवीगार. वास असा सुटला की स्वयंपाकघरातला सकाळचा वासच नाहीसा झाला.

“अगं बाई,” वहिनी म्हणाली.

चिंगीला आधी आनंदच झाला. “फुलं! आत्या, फुलं वाजवणाऱ्याला देतात!”

“दोघांना देतात,” कानकाका म्हणाले. मग त्यांनी जीभ चावली.

पण सगळ्यांना समजलं होतं. माणसाला एवढी फुलं दोनदाच मिळतात. एकदा स्टेजवर, आणि एकदा जेव्हा त्याला घ्यायला हात उचलता येत नाही.

*

मग जी वादावादी झाली ती अकरापासून दोनपर्यंत चालली. दादांचं एकच टुमणं, आज आत्यानं हॉलवर यायचं नाही. दार लावून घरात बसायचं, डॉक्टरांना बोलवायचं. पानं ते स्वतः उलटतील.

“घरी बसले की फुलं परत जातील का?” आत्यानं विचारलं.

“आणि तिला तुम्ही आधी कळवलं असतं तर तिनं तेव्हाच चष्मा घातला नसता का?” वहिनीनं नवऱ्याला सुनावलं. “चौतीस वर्षं दडवलंत, आता वर काळजी! चोराच्या उलट्या बोंबा!”

“मला वाजवायचंय,” आत्या म्हणाली.

हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, आणि इतक्या साध्या आवाजात की दादांना आधी ऐकूच आलं नाही.

“एकदाच. जायचंच असेल ना दादा, तर डाव्या खुर्चीतून नाही जायचं मला.”

चिंगी खिडकीशी उभी होती. कार्यक्रम तिचा होता. पत्रिकेवर फोटो तिचा, पाहुण्यांना फोन तिनं केलेले, सहा महिने घाम गाळलेला तिनं. तिला वाटलं, माझाच दिवस का गं? पुढच्या वेळी वाजव की! आणि मग त्या पांढऱ्या फुलांकडे तिचं लक्ष गेलं. पुढची वेळ असेल की नाही हे या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

“पूर्वार्ध मी वाजवते,” ती म्हणाली. “उत्तरार्ध तू. लोकांना काय सांगायचं ते आई सांगेल, तिला कुणी उलटून बोलत नाही.”

“चिंगे...”

“पानं मी उलटेन तुझी.”

“मला पानं लागत नाहीत गं. सगळं पाठ आहे.”

“नसू देत लागत. मी बसते तिथे. आपल्या घरात कधी कुणी एकटीनं वाजवलंय का?”

आत्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. उघड्या बोटांचे हातमोजे अजून हातातच होते.

*

पूर्वार्ध चांगला झाला. दादा पहिल्या रांगेत, शेजारी वहिनी. त्यांनी मागे वळून रांगांकडे तीनदा बघितलं. माणसं होती, साधी माणसं, खोकणारी, कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेणारी. खोके पाठवणारं त्यातलं कुणीही असू शकलं असतं.

चहानंतर पडदा उघडला तेव्हा पियानोवर आत्या होती, आणि डाव्या खुर्चीत चिंगी. आत्याला एवढ्या उजेडात दादांनी कधी बघितलंच नव्हतं. तिची मान लांब आहे, हनुवटीवर आईसारखा खळगा आहे, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. मग ती वाजवू लागली.

काय सांगायचं! दादांनी तो तुकडा दोनशे वेळा वाजवला असेल. जिथे ते घाई करायचे तिथे ती थांबली. तिथे काहीतरी होतं, इतकी वर्षं ते त्याच्या अंगावरून धावत गेले होते. दादांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. वहिनीनं त्यांच्या हातात रुमाल कोंबला, पण हात काढून घेतला नाही.

चिंगी उगाचच पानं उलटत होती. प्रत्येक पान, वेळेवर, दुमडलेल्या कोपऱ्याला धरून.

शेवटचा स्वर विरला. टाळ्या सुरू झाल्या तशी आत्या सवयीनं उठली आणि विंगेकडे निघाली. चिंगीनं तिला खांद्याला धरून वळवलं. आत्या पुढे आली आणि वाकली.

खाली गेली ती वर येईना.

दादा अर्धवट उठले. वहिनीनं त्यांची बाही घट्ट पकडली. टाळ्या चालूच होत्या, पहिल्या रांगेतल्या कुणाला यात वावगं वाटलं नव्हतं, आणि आत्याचे मोकळे हात खाली लोंबत होते. दादांनी मनात ताल मोजला, एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक. देवा, मी दिली असती गं तुला सगळी, त्यांना वाटलं, एकेक कार्ड वाचून दिली असती.

मग आत्या सावकाश वर आली. चेहरा लालबुंद, केस सुटलेले, आणि ती हसत होती.

“कंबर धरली गं,” ती चिंगीला म्हणाली. “किती वेळ वाकायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं!”

वहिनी इतक्या मोठ्यानं हसली की मागच्या रांगेतल्यांनी टाळ्या थांबवून बघितलं. दादा मटकन खाली बसले. फुलं वाजवण्याचीच होती. वाजवण्याचीच होती! त्यांनी हे दोनदा मोठ्यानं म्हटलं.

*

दिवे लागले तेव्हा खोका तिथे होता. स्टेजच्या कडेला, डावीकडे. या वेळी लहान, तळहाताएवढा.

चिंगीनंच तो आधी बघितला आणि हसत उचलला. “आत्या, आणखी एक! आज तुझी चंगळ आहे.” फितीतलं कार्ड बघून तिनं मान वाकडी केली. “अच्छा. डाव्या खुर्चीसाठी. म्हणजे... आज तिथे मी होते की.”

सगळे कपडे बदलायच्या खोलीत जमले होते. कानकाका, वहिनी, फुलं घेतलेली आत्या, सुजलेल्या डोळ्यांचे दादा. उद्या सकाळपर्यंत थांबायचा कायदा कुणी काढला नाही. आणि चिंगी उत्तरार्धाला वाकली नव्हती, तेही कुणी काढलं नाही.

“तुझं आहे,” दादा म्हणाले. “तूच उघड.”

गाठ लगेच सुटली. पातळ कागदाच्या घडीत हातमोजा होता. मऊ, राखाडी, मनगटावर दोन बारीक बटणं. चिंगीनं तो उजव्या हातात घातला. सुरकुतीसुद्धा पडली नाही.

“छान आहे,” वहिनी म्हणाली. “दुसरा?”

चिंगीनं खोका उलटा केला. कागद झटकला. वहिनीनं तोच कागद तिच्याकडून घेऊन पुन्हा झटकला. कानकाका गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बघायला लागले, दादा बाहेर स्टेजवर जाऊन आले, विंगेत, खुर्चीखाली, पियानोखाली सगळीकडे बघून आले.

“एकच होता,” चिंगी म्हणाली. “खोक्यात जागाच एकाची आहे.”

आरशासमोर ती उभी होती. उजव्या हातात हातमोजा, डावा मोकळा. ती त्या डाव्या हाताकडे बघत होती, बोटं एकेक करून हलवत होती, करंगळीपासून, सरावाच्या आधी करते तशी.

“पडला असेल कुठेतरी,” वहिनी म्हणाली.

आत्यानं फुलं टेबलावर ठेवली. पुढे होऊन तिनं भाचीचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बोटांसकट, मुठीत लपवल्यासारखा. “आपल्याला आधी कळलंय,” ती म्हणाली. “चिंगे, इकडे बघ. या वेळी आपल्याला आधी कळलंय.”

हॉलच्या दहा दगडी पायऱ्या ती तशीच उतरली, हात न सोडता, एकेक पायरी बघत. बाहेर अंधार पडला होता. दादांनी गाडी आणली, उतरून मागचं दार उघडलं. चिंगी आत बसली. दादांचा हात दाराकडे गेला.

“थांब,” आत्या म्हणाली. “दार मी लावते. चिंगे, हात आत घे.”